डॉक्ट्रिनमध्ये (पीएचपीची डेटाबेस लायब्ररी) रिपॉझिटरी, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदी आणून देणारा ऑब्जेक्ट, घेताना क्लासचं नाव स्ट्रिंगमध्ये लिहिणं कसं टाळायचं?
भाऊ, जिनिंगच्या कापूस-आवक प्रोग्रॅममध्ये तुम्ही गेटरिपॉझिटरीला (रिपॉझिटरी देणारी मेथड) 'ॲप\एंटिटी\काटापट्टी' ही स्ट्रिंग जागोजागी दिली अन् क्लासचं नाव बदलताच सगळं बंद पडलं. काहून? स्ट्रिंगच्या आत काय आहे ते एडिटरला कळतच नाही. पीएचपी ५.५ पासून काटापट्टी::क्लास लिहिता येतं. फाइलच्या वर एकदा त्या क्लासची यूज ओळ टाका, नेमस्पेससकट ('ॲप\एंटिटी' हा सुरुवातीचा भाग) पूर्ण नाव मिळतं, अन् एडिटरमधून रिनेम केलं की सगळीकडे बदलतं. फक्त, असा क्लास खरंच आहे का हे पीएचपी तिथं तपासत नाही. त्यासाठी पीएचपीस्टॅन (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) लावा.

सिम्फनी (पीएचपीचं फ्रेमवर्क) असेल तर त्याहून बरं: कन्स्ट्रक्टरमध्ये थेट काटापट्टीरिपॉझिटरी मागा. तो क्लास डॉक्ट्रिनच्या सर्व्हिसएंटिटीरिपॉझिटरी क्लासवरून एक्स्टेंड केलेला असला की ऑटोवायरिंग, म्हणजे टाइप पाहून लागणारा ऑब्जेक्ट आपोआप पुरवायची सिम्फनीची सोय, तो आणून देतं, गेटरिपॉझिटरी लिहावंच लागत नाही.