मोतीचं पाणी, चिमीचं बिस्किट

प्रश्न: घोडबंदर रोडला आमचा वन बीएचके, त्यात ३० किलोचा लॅब्रेडॉर. १४ महिन्यांची चिमी सारखी मोतीच्या पाण्यात हात घालते. परवा मारी बिस्किट बुडवून खाल्लं! सासूबाई म्हणतात, भांडंच उचल.
– एक आई, ठाणे

उत्तर: भांडं नका हो उचलू. एवढ्या कुत्र्याला दिवसाला दीडेक लिटर पाणी लागतं, ठाण्याच्या मे महिन्यात त्याहून जास्त. ते बाल्कनीत ठेवा आणि दाराला बुटकं फाटक लावा. भांडं रोज घासा, आत बुळबुळीत थर धरतो. बिस्किटाचं म्हणाल तर एकदा खाल्लं, खाल्लं.

नेरूळला असताना माझा लेक मांजराच्या वाटीत चमचे बुडवायचा. मी ओरडले की खदखदून हसायचा. त्याला तो खेळच वाटे. शेवटी आंघोळीआधी परातीत दोन बोटं पाणी आणि चहाची गाळणी दिली. वाटी पूर्ण सुटली नाही, निम्मी सुटली. मात्र मी शेजारून हलत नसे, कारण एवढ्याशा पाण्यातही मूल बुडू शकतं. बाथरूममधली भरलेली बादली तर आजच रिकामी करा.

आणि मोती खाता-पिताना चिमीला जवळ जाऊ देऊ नका. गरीब कुत्राही अशा वेळी गुरगुरतो.