डेसिमलची एरर गेली म्हणजे काम झालं असं समजू नका

ऑर्डरचा डेटा जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून साठवायचा फॉरमॅट) टाकताना पायथन डेसिमलवर, म्हणजे नेमक्या दशांश आकड्यांच्या टाइपवर, अडतो, पण डम्प्सला (जेसन लिहिणारं फंक्शन) डीफॉल्ट म्हणून, म्हणजे न ओळखलेल्या टाइपचं काय करायचं ते सांगायला, नुसतं एसटीआर (कशाचीही स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, करणारं) दिलं की चालतं, तर तसंच ठेवू का, असं विचारलंय तुम्ही. वाचून पोटात गोळाच आला. मी पण हेच करून बसलो होतो.

एरर गेली, मी खूश. रकमा, तारखा, यूयूआयडी (युनिक ओळख क्रमांक), सगळ्याची स्ट्रिंग होऊन फाइलीत जायला लागली. गोम अशी की लोड्स केल्यावर, म्हणजे जेसन परत वाचल्यावर, स्ट्रिंगच परत येते. आमच्या रिपोर्टात रकमा चढत्या क्रमाने लागायच्या, आणि स्ट्रिंग म्हणून बघितलं तर "९००.००" हे "१२००.००" पेक्षा मोठं, कारण पहिलंच अक्षर ९. क्रॅश नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही, यादी तेवढी उलटसुलट. ज्यांच्याकडे ही फाइल जायची त्यांच्या सपोर्टला तीनदा विचारलं की तुमच्याकडे रकमा कशा दिसतायत, तर तिन्ही वेळा "तुमचं जेसन व्हॅलिड आहे" आणि तिकीट बंद. अहो, व्हॅलिड आहे हो, पण चुकीचं आहे त्याचं काय!

आता मी डीफॉल्टला स्वतःचं फंक्शन देतो, त्यात प्रत्येक टाइपची वेगळी सोय आणि शेवटी, कुठलाच टाइप जुळला नाही तर, टाइपएरर रेझ, म्हणजे मुद्दाम एरर. ते रेझ विसरलात तर फंक्शन नन (पायथनमधलं 'काहीच नाही') देतं आणि फाइलीत गुपचूप नल (जेसनमधलं 'काहीच नाही') जातं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. डेसिमल असेल तर छोटी डिक्शनरी लिहितो, एका कीमध्ये टाइपचं नाव (हाच टॅग), दुसरीत व्हॅल्यू स्ट्रिंग म्हणून, आणि वाचताना ऑब्जेक्ट हुक (लोड्सला दिलेलं, प्रत्येक डिक्शनरीवर चालणारं फंक्शन) ते नाव बघून परत डेसिमल करतो. फ्लोट (अंदाजे दशांश आकडा) करून मोकळे होऊ नका, निदान पैशांसाठी तरी नको.

अर्थात हे लिहिणारे-वाचणारे दोन्ही आपणच असू तेव्हा. समोर दुसरी टीम असेल तर त्यांना आपले टॅग कशाला कळतील, तिथे कुठलं फील्ड कुठल्या टाइपचं ते आधी लेखी ठरवा. मी काही एक्सपर्ट नाही, तुमचा सेटअप वेगळा असू शकतो.

जाता जाता, डिक्शनरीच्या कीसाठी डीफॉल्ट बोलावलंच जात नाही, ती की आकडा १ असेल तर स्ट्रिंग "१" होऊन येते, आणि टपलची (न बदलणारी यादी) लिस्ट होते. तारीख आयएसओ फॉरमॅटमध्ये आणि टाइमझोनसकट लिहा, पण शेवटी झेड (म्हणजे यूटीसी वेळ) असलेली तारीख फ्रॉमआयएसओफॉरमॅटला (तारखेची स्ट्रिंग वाचणारं फंक्शन) पायथन ३.११ पासूनच कळते.

आणि जुन्या फाइलींत टॅग नसणार, त्यामुळे हुक त्यांना हातही लावणार नाही. त्या एकदाच स्क्रिप्टने बदलून घ्या, आधी कॉपी काढून. मी कॉपी न काढता चालवली होती.