वाचक विचारतात: एअरबॉक्स काढला आणि बॅन्शी गुदमरली

प्रश्न: नमस्कार काका, मी मूळचा सांगलीचा, आता अॅरिझोनात फिनिक्सला असतो. मागच्या वर्षी 2004 ची यामाहा बॅन्शी घेतली, जुनीच, म्हणजे चार चाकांची, टू-स्ट्रोक, दोन कार्बवाली (कार्बोरेटर). एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा डबा, काढून दोन्ही कार्बना वेगवेगळे कोन फिल्टर लावले, बाकी सगळं ओरिजिनल, सायलेन्सर पण. आवाज एक नंबर येतो, पण फुल रेस दिली की गाडी दबते आणि रेस सोडली तरी आरपीएम वरच लटकून राहतो. एक दुकानदार म्हणतो मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं मोजकं भोक) 240 टाक, दुसरा म्हणतो 280. कुणाचं ऐकू? नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूत जायचंय.

उत्तर: काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो, आणि पहिलं काम सांगतो, गाडी आत्ता चालवू नकोस. तू जी दोन लक्षणं लिहिलीस ती दोन्ही हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडल्याची आहेत. बॅन्शीला ऑइल पंप नाही, ऑइल तू पेट्रोलमध्येच मिसळतोस, म्हणजे पेट्रोल कमी गेलं की ऑइल पण कमीच गेलं, वर पेट्रोलमुळे जो थंडावा मिळतो तोही गेला. मग एके दिवशी चौथ्या गिअरात फुल रेसवर इंजिन पकडतं (पिस्टन सिलिंडरात अडकतो), नाहीतर पिस्टनला वरून भोक पडतं. आणि काहीजण अशा वेळी सेफ्टी म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल वाढवतात, त्याने उलटं होतं, ऑइलने जागा खाल्ली की त्याच जेटमधून पेट्रोल अजून कमी जातं.

झालंय काय, तर एअरबॉक्सचं झाकण आणि नळी हवेला थोडी अडवत होती, त्या अडवण्यामुळे कार्बमध्ये ओढ तयार होते आणि ती ओढ जेटमधून पेट्रोल वर खेचते. तू अडथळा काढलास, हवा वाढली पण ओढ कमी झाली. कंपनीचा मेन जेट 200 चा आणि पायलट, म्हणजे कमी रेसचा छोटा जेट, 25 चा असतो, तो जुन्या हिशोबाचा. पण जुनी गाडी आहे, आधीच्या मालकाने काय घातलंय ते फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बच्या तळाची पेट्रोलची वाटी, उघडून जेटवरचा आकडा स्वतः वाच, त्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस.

जेटला हात लावायच्या आधी दोन गोष्टी. एक, कार्ब आणि सिलिंडरच्या मधले रबर. वीस वर्षांची गाडी, फिनिक्सचं ऊन, रबराला चिरा असणारच. स्लोवर चालू ठेवून त्या रबरांवर कार्ब क्लीनरचा जरासा फवारा मार (गरम सायलेन्सरपासून लांब), आरपीएम बदलला की तिथून हवा शिरतेय, आणि हा लटकणारा आरपीएम कितीही जेट बदललेस तरी जाणार नाही. दोन, दोन्ही स्लाइड (कार्बमध्ये रेसबरोबर वर उचलणारा, हवेची वाट उघडणारा तुकडा) एकदम उचलतायत का ते बघ. इंजिन बंद, फिल्टर काढ, दोन्ही कार्बच्या तोंडात एकेक बोट घालून स्लाइडला टेकव आणि दुसऱ्या कुणाला अंगठ्याने रेस हळूहळू दाबायला सांग. एक बोट आधी हललं की केबलच्या अॅडजस्टरने जुळव. आपल्याकडे राजदूत 350 वाले हेच करायचे, आणि बॅन्शी पण त्याच यामाहा खानदानातली, फक्त पाण्याने थंड होणारी. एक सिलिंडर ओढतोय आणि दुसरा नुसता सोबत पळतोय अशा गाडीचं ट्युनिंग कुणाच्या बापाला जमत नाही.

आता तुझा प्रश्न. दोघांपैकी मोठा आकडा सांगणारा दुकानदार बरा, कारण जास्त पेट्रोलने फार तर प्लग काळा होतो, कमी पेट्रोलने बोअर करायची, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करायची, वेळ येते. 280 पासून सुरू कर. सायलेन्सर ओरिजिनल आहे म्हणजे फुल रेसला फडफडेल, घरघरेल, चालतंय. दहा-दहाने खाली ये, जिथे फडफड थांबून गाडी स्वच्छ ओढायला लागेल तिथे थांब. मग नवे प्लग लाव, वरच्या गिअरात फुल रेसवर थोडा वेळ पळव आणि त्याच रेसवर क्लच दाबून स्विच बंद कर, स्लोवर येऊ देऊ नकोस. दोन्ही प्लग काढून चिनीमातीच्या अगदी मुळाशी, जिथे ती धातूत शिरते तिथे, बॅटरीने बघ. तिथे तपकिरी वर्तुळ दिसायला हवं. पांढरं कोरडं दिसलं तर लगेच एक जेट वर. टोक बघून काही कळत नाही, तरी सगळे टोकच बघतात.

मेन जेटचं काम पाऊण रेसच्या पुढे, त्याच्या खाली स्लाइडला लटकलेली सुई. अर्ध्या रेसला दबत असेल तर सुईची क्लिप एक घर खाली घे, सुई वर येते, पेट्रोल वाढतं. शेवटी एअर स्क्रू, कार्बच्या बाजूचा. हा हवेचा आहे, आत पिळला की पेट्रोल जास्त, बाहेर काढला की कमी. पूर्ण आत घालूनच गाडी बरी चालत असेल तर पायलट एक नंबर मोठा हवाय. आणि जेट मिकुनी कंपनीचेच घे, केहिन या दुसऱ्या कंपनीचे आकडे वेगळ्या मापाचे असतात, तिथे 140 म्हणजे भोक 1.40 मिलीमीटर, मिकुनीचा आकडा पेट्रोल किती वाहतं त्याचा.

ग्लॅमिसचं लक्षात ठेव. तू आत्ता 40 डिग्रीत सेट करणार आणि तिकडे पहाटे 10 डिग्रीत पळवणार, हवा सुमारे दहा टक्के जास्त दाट, म्हणजे इथे परफेक्ट ती तिथे उपाशी. मोठे जेट खिशात ठेव. तुमच्याच अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला 2100 मीटर उंचीवर गेलास तर उलटं, तिथे जरा गुदमरेल पण काही मोडणार नाही.

प्रश्न: आरएक्स 100 ला कोन फिल्टर लावला, मिस्त्रीने जेटमध्ये तार फिरवून भोक मोठं केलं. आता धूर आणि ॲव्हरेज पार गेलं. – इचलकरंजीहून एक वाचक

उत्तर: तो जेट फेकून द्या. तारेने भोक वाकडं होतं, किती मोठं झालं ते त्या मिस्त्रीलाही माहीत नसतं. कंपनीच्या नंबरचा जेट आणि जुना एअरबॉक्स परत लावा. रोज ऑफिसला जायच्या गाडीला कोन फिल्टर कशाला हवाय, मला खरंच कळत नाही.

प्रश्न: आमच्याकडे कोकणात किनाऱ्यावर भाड्याच्या तीन क्वाड बाइक आहेत. स्पंजचा फिल्टर दर किती दिवसांनी धुवायचा?

उत्तर: सीझनला रोज संध्याकाळी उघडून बघायचा. रॉकेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात, पिळायचा नाही, नुसता दाबायचा, पूर्ण सुकला की फिल्टर ऑइल लावून परत दाबायचा. कोरडा स्पंज बारीक वाळू सरळ आत सोडतो. कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा, आणि फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा, करकर लागली तर त्या दिवशी ती बाइक भाड्याला देऊ नका.