आजोबांच्या पेटीतले रशियन बिल्ले विकायचे आहेत, योग्य भाव कसा लावू?

तुमचे आजोबा बोटीवर होते, रत्नागिरीच्या घरी त्यांच्या पेटीत साठेक रशियन बिल्ले निघाले आणि ओळखीतला एकजण म्हणतो, "जुने आहेत, नगाला पाचशे रुपयांखाली देऊ नका." हा सरसकट नगाचा भाव ऐकला की माझं डोकं फिरतं.

जुनं म्हणजे महाग नव्हे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा मिशा अस्वल घ्या. इतकी वर्षं उलटली तरी तो पैशाला पासरी आहे, कारण तो ढिगाने निघाला आणि दुकानोदुकानी विकला गेला. उलटा करून बघा: हलकं अ‍ॅल्युमिनियम, साधी सुई, आणि बऱ्याच नगांवर कोपेक या रशियन नाण्यातली किंमत ठशातच उठवलेली. किंमत छापलेला बिल्ला म्हणजे दुकानातली आठवणवस्तू. असे दहा-दहाचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याचा भाव सांगा.

हाताला जड लागणारे, पितळेचे, भट्टीतल्या एनॅमलचे (भाजून बसवलेल्या काचेसारख्या रंगाचे), मागे सुईऐवजी पेच आणि नट असलेले बाजूला काढा. नटावर कारखान्याचा ठसा असेल तर उत्तम. हे बहुधा सभासदांना किंवा कामगिरीसाठी दिलेले असतात, म्हणून संख्येने कमी. भाव लावायची मेहनत इथेच घ्या. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर मागितलेले भाव बघू नका, ते स्वप्नरंजन असतं. विकल्या गेलेल्या मालाचे बघा. त्याच बिल्ल्याचे, त्याच अवस्थेतले पाच सौदे चढत्या क्रमाने लिहा आणि मधला धरा. समजा १८०, २२०, २४०, २६०, ९०० आले, तर भाव २४०. ९०० म्हणजे लिलावात दोघांची जुंपली असणार, सरासरी काढलीत तर तो तुम्हाला फसवेल. त्या रकमेत तिकडचा टपालखर्च धरलाय का तेही तपासा.

मग दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात बघा. एनॅमलचा टवका उडालाय तर मी निम्मा भाव धरतो, मूळ नट हरवलाय तर पाव कापतो. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवट थर आला असेल तर तसाच फोटोत दाखवा. आमसूल, चिंच, पितांबरी यातलं काहीही लावू नका! मुलामा निघतो आणि भावही जातो. फार तर बांबूच्या काडीने कोरडंच टोकरा. ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांनी पितळ आणखी हिरवं पडतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्याच.

गिऱ्हाईक बघून भाव सांगावा असं मानणाऱ्या एका व्यापाऱ्याशी माझा जुना वाद आहे. मुंबईकराला एक आणि गावातल्या पोराला दुसरा, हा भाव नव्हे, लूट आहे. प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर रक्कम आणि दोष लिहा, घासाघिशीसाठी दहा टक्के वर ठेवा, टपाल वेगळं सांगा. पुढच्याने हिशेब मागितला तर ते पाच सौदे दाखवता आले पाहिजेत.

हे सगळं रशियन बिल्ल्यांपुरतं. चांदीच्या शुद्धतेचा ठसा असलेला नग निघाला तर आधी वजन करून घ्या, चांदीच्या किमतीखाली जाऊ नका. आणि पेटीत शंभर वर्षांपलीकडची पुरावस्तू सापडली तर ती परदेशी गिऱ्हाइकाला पाठवू नका, १९७२ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे.