मुलांच्या वॉर्डातली इजा : मोजायची कशी?

प्रश्न : आमच्या मुलांच्या वॉर्डातल्या घटना-नोंदवहीत महिन्याला एखाद-दुसरीच नोंद होते. म्हणजे आमच्याकडे उपचारांमुळे इजा कमी होते, असं धरायचं का? (वॉर्ड इन्चार्ज सिस्टर, नाशिक)

उत्तर : तसं धरू नका. रागावतील या भीतीनं बरंच काही लिहिलंच जात नाही. उत्तर अमेरिकेतल्या १५ नवजात अतिदक्षता विभागांचे ७४९ केस पेपर तपासून २००६ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५५४ अपायकारक घटना सापडल्या. रुग्णालयांच्या स्वतःच्या नोंदींत त्यातल्या फक्त ८ टक्के होत्या.

म्हणून केस पेपरच वाचा. दर महिन्याला डिस्चार्ज यादीतून चिठ्ठ्या टाकून २० पेपर काढा. डिस्चार्जला ३० दिवस उलटून गेलेले हवेत, नाहीतर पुन्हा भरती झालेलं मूल निसटतं. दोन सिस्टरनी एकमेकींना न विचारता वाचावं, एका पेपरला जास्तीत जास्त २० मिनिटं. अख्खा पेपर वाचू नका, इजेचा संशय देणाऱ्या खुणा शोधा : नॅलॉक्सोन (मॉर्फिनसारख्या औषधावरचा उतारा) दिलं का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) दुपटीवर गेलं का, अचानक आयसीयूत हलवलं का, ऑपरेशनला पुन्हा न्यावं लागलं का, सूज आली म्हणून सलाईन काढलं का.

खूण सापडली म्हणजे इजा झालीच असं नाही. मोठ्या माणसांसाठीच्या खुणांच्या यादीत व्हिटॅमिन के देणं ही रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस जास्त झाल्याची खूण असते. नवजात बाळाला ते जन्मतःच देतात. यादी तशीच उचललीत तर सगळी बाळं त्यात येतील! खुणेमागे उपचारामुळे इजा झाली का आणि ती टाळता आली असती का, हे शेवटी डॉक्टरांनी ठरवावं. चूक झाली पण मुलाला काही झालं नाही, तर ती इथे धरू नका. तिची नोंद वेगळी ठेवा.

प्रश्न : मग आकडा कसा मांडायचा? (त्याच वाचक)

उत्तर : समजा, २० मुलांचे वॉर्डातले मिळून ९० दिवस भरले आणि ५ इजा सापडल्या. ५ भागिले ९० गुणिले १०००, म्हणजे हजार रुग्ण-दिवसांमागे सुमारे ५६. वीस पेपरांचा आकडा दर महिन्याला वरखाली होणारच, तेव्हा निदान वर्षभर आलेखावर मांडा. दुसऱ्या रुग्णालयाशी तुलना करू नका. तुमच्याकडची मुलं वेगळी, आजार वेगळे.

प्रश्न : मुलाच्या हाताला सलाईन लावलेलं असताना काय पाहावं? (पालक, पुणे)

उत्तर : हे विचारलंत ते फार बरं झालं. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांच्या ६०० केस पेपरांत सलाईन शिरेबाहेर जाणं ही वारंवार सापडलेल्या इजांपैकी एक होती. बारीक शिरेतून सुई सरकते, वर पट्टी असते, सलाईनचा पंप मात्र ढकलत राहतो. त्याचा इशारा वाजेलच याची खात्री नाही. सुईची जागा उघडी दिसेल अशी पट्टी मागा. तासातासाला दोन्ही हात शेजारी धरून पाहा : सूज, ताणलेली पांढरट कातडी, गारपणा, हात लावताच रडणं. यातलं काही दिसलं तर लगेच सिस्टरना बोलावून सलाईन थांबवायला सांगा, सुई स्वतः काढू नका. कॅल्शियमसारखं औषध चालू असेल तर त्याच सुईतून ते परत ओढून घ्यावं लागतं. औषधामुळे त्रास झाल्याचा संशय असेल, तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर पालकही कळवू शकतात.