पहिल्या बोनसमधून लिमिटेड एडिशनचा महागडा मेकअप घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की दिवाळी-ख्रिसमसच्या सुमाराला मोठ्या परदेशी ब्रँडचे जे लिमिटेड एडिशन पॅलेट, कॉम्पॅक्ट, लिपस्टिक निघतात ते घेण्यात अर्थ आहे का, की नुसते डबीचे पैसे असतात. पुढं हेही लिहिलंय की घरी कळलं तर काय म्हणतील याची धास्ती वाटते. मी लातुरात पार्लर चालवते, नवरीचे मेकअप करते, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रोजच्या कामातलं आहे. पण लिहायला बसले ती तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळं.

आधी पहिला प्रश्न. होय, बहुतेक वेळा डबीचेच पैसे असतात. आतली पावडर किंवा लिपस्टिक पुष्कळदा तीच असते जी वर्षभर काउंटरवर मिळते. वर नक्षी बदलते, तारे येतात, सोनेरी मुलामा येतो. शेडचं नाव आणि नंबर वाचा, मग ग्रॅम वाचा. नेहमीची लिपस्टिक साधारण साडेतीन ग्रॅमची असते, गिफ्ट सेटमधल्या छोट्या लिपस्टिका दीड-दोन ग्रॅमच्या. ग्रॅममागे भाव काढला की सेट स्वस्त आहे की नुसता स्वस्त दिसतोय ते तिथंच समजतं. पूर्ण मापाच्या वस्तू असलेला सेट कधी कधी खरंच परवडतो. छोट्या वस्तूंचा सेट मी तरी कुणाला घ्या म्हणत नाही.

धंद्यासाठी तर मी लिमिटेड एडिशनला हात लावत नाही. ट्रायलला नवरीला एक शेड आवडली की लग्नात तीच लागते, रिसेप्शनला तीच लागते, आणि सहा महिन्यांनी तिच्या बहिणीच्या लग्नात पुन्हा तीच लागते. कंपनीनं ती बंद केलेली असेल तर मी कुठून आणू? चाकूरची एक नवरी भावानं अमेरिकेतून पाठवलेली लिपस्टिक घेऊन आली होती, सणाच्या संग्रहातली, सुंदर विटकरी लाल. हळदीच्या गडबडीत ती कुठं तरी हरवली. तो रंग दोन लिपस्टिका मिसळून जुळवला, तरी तिच्या मनासारखा झाला नाही. तेव्हा रोजच्या वापराची, जी संपल्यावर पुन्हा लागणार आहे अशी वस्तू लिमिटेडमध्ये घ्यायची नाही, हे माझं पक्कं मत आहे.

आणि लिमिटेड या शब्दानं घाबरून जाऊ नका. पैठणला मागावर पैठणी विणायला महिनोन्महिने जातात, म्हणून ती मुळातच थोडी निघते. पावडरच्या वड्या साच्यात दाबून निघतात, किती काढायच्या ते कंपनी ठरवते आणि पुढच्या वर्षी नवा साचा येतो. ‘शेवटचे तीन नग’ असं ॲपवर दिसलं म्हणून रात्री अकरा वाजता कार्ड काढायची काही गरज नाही. हे संग्रह ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतात आणि ख्रिसमस उरकला की राहिलेला माल बऱ्याचदा सवलतीत निघतो.

एवढं सगळं माहीत असूनही मी स्वतः एक घेतला.

2022 च्या तुळशीच्या लग्नानंतर माझ्याकडं पहिल्यांदाच ओळीनं मोठी बुकिंगं आली. औसा, रेणापूर, एक निलंग्याचं. व्हॅनिटी उचलून पहाटे चारला निघायचं आणि रात्री परत. त्यातून पैसे साठले, किटचं सामान आणायला पुण्याला गेले, आणि तिथं एका मॉलमध्ये काचेखाली तो कॉम्पॅक्ट बघितला. फ्रेंच कंपनीचा, ख्रिसमसचा. धातूचं जड झाकण, त्यावर उठावाची चांदणी, आत फिकट सोनेरी पावडर आणि तिच्यावर तीच चांदणी कोरलेली. साडेपाच हजार. किटसाठी तो उपयोगाचा नव्हता हे मला उभ्या उभ्या कळत होतं. मी तो माझ्यासाठी घेतला.

त्या वर्षीची येळवस, म्हणजे शेतात जाऊन पूजा करायची आमच्याकडची अमावस्या, डिसेंबरच्या 23 तारखेला आली. आम्ही सगळे औशाकडच्या शेतात. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील झाली, माणसं झाडाखाली आडवी झाली. मी पर्समधून डबी काढून तोंड नीट करत होते. माझ्या थोरल्या नणंदबाई, त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, शेजारी बसल्या होत्या.

“केवढ्याची गं ती डबी?”

“साडेपाच हजाराची, आक्का.”

“पावडरीची?”

“व्हय.”

“एवढ्यात बियाण्याची बॅग आली असती की. न्हाईतर ग्रॅमभर सोनं तरी अंगावर आलं असतं. पावडर काय, उद्या संपंल. मग नुसती डबी बघत बसायलीस?”

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मान हलवली ती आक्कांच्या बाजूनं. जावेनं डबी हातात घेऊन बघितली आणि काही न बोलता परत दिली. त्याच दिवशी माझे धाकटे दीर ट्रॅक्टरला नवा साऊंड बसवून आले होते. रंगीत लाइटा, मागं झालर, सगळं. त्याचे किती झाले हे कुणी विचारलं नाही. आवाज वाढव म्हणाले सगळे. मी तेव्हाच हे बोलून दाखवलं. आक्का म्हणाल्या, ट्रॅक्टर कमावतो. मी म्हटलं, माझा चेहरा आणि माझा हातही कमावतो, आणि साऊंड काही नांगरत नाही.

तेव्हापासून दर येळवशीला हा विषय निघतोच. आक्का हट्टी आहेत, मीही आहे. त्यांचं सोन्याचं म्हणणं चुकीचं नाही, हे आधी सांगते. त्या वेळी साडेपाच हजारात ग्रॅमभर सोनं येत होतं, आज त्याच ग्रॅमचे दुपटीहून जास्त झालेत. वापरलेल्या कॉम्पॅक्टचे कुणी पाचशेही देणार नाही. पैसा वाढवायचा असेल तर सोनं घ्या, त्यात वादच नाही.

पण माझ्या सोन्याचं काय झालं तेही ऐका. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. शेतात काही नव्हतं, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. माझ्या माहेरच्या पाटल्या तेव्हा मोडल्या. मी स्वतः काढून दिल्या, त्याचं दुःख नाही, त्यासाठीच त्या असतात. सराफानं घट धरली, घडणावळ तर गेलीच. उरलेलं सोनं लॉकरमध्ये आहे, लग्नकार्याला निघतं आणि दुसऱ्या दिवशी परत जातं. म्हणजे ते सोनं घराचं आहे, अडीअडचणीचं आहे. माझ्या अंगावर असतं तेवढे तास माझं. ती डबी मात्र पर्समध्ये रोज माझ्याजवळ असते. कर्ज फेडायला तिला कुणी मागणार नाही, हा तिचा कमीपणा नाही, हाच तिचा गुण आहे. बाईच्या कमाईतला एक लहान तुकडा तरी असा असावा जो कधीच कुणाच्या उपयोगी पडणार नाही. हे मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पार्लरच्या बायांचं बोलणं. असू दे.

नुसती डबी बघत बसशील, हे त्यांचं वाक्य मला जास्त लागलं, कारण ते त्यांनी म्हणावं असं नव्हतं. आत्याबाईंच्या सासूची शिसवी फणेरपेटी आमच्या घरात आहे. झाकणाला आतून आरसा, खाली कप्पे. तिच्यात काय असायचं? फणी, मेण, पिंजर, काजळाची डबी. सगळ्याची मिळून किंमत पेटीच्या पासंगालाही पुरली नसती. त्या बाईनं किंवा तिच्या वडिलांनी पैसे दिले ते पेटीचेच. पितळी कोपऱ्यांचे, घोटलेल्या लाकडाचे. आणि आज त्याच पेटीवर हक्क सांगण्यात आक्का सगळ्यात पुढं असतात. मग तुम्ही डबीचे पैसे दिले तर तेवढं काय बिघडलं? माझ्या कॉम्पॅक्टातली पावडर तळाला आलीय, मधली चांदणी कधीच पुसली गेलीय. झाकणावरची आहे. आरसा आहे. पुढं त्यात साधी वडी बसवीन.

परदेशात असं डबीसाठी घेणारे पुष्कळ आहेत. एस्टी लॉडर ही अमेरिकन कंपनी 1967 पासून घट्ट अत्तराच्या नक्षीदार डब्या काढत आली आणि त्या जमवणारे लोक आहेत. गर्लें या फ्रेंच कंपनीच्या रंगीत मोत्यांसारख्या पावडरीची डबी 1987 पासून निघते, आणि सणासाठी दिला जाणारा वेगळा साज बघूनच लोक ती घेतात. त्यांना कुणी वेडं म्हणत नाही, शौकीन म्हणतात.

करातही हाच हिशेब दिसतो मला. कुंकू, टिकली, सिंदूर, अळिता यांवर जीएसटी शून्य. सोन्याच्या दागिन्यावर 3 टक्के. लिपस्टिकवर 18 टक्के, आणि 2025 पर्यंत पावडरीवरही तेवढाच होता. कुठला नट्टापट्टा बाईला लागतो आणि कुठला चैनीचा, हे दुसऱ्यांनीच ठरवून टाकलंय. कुंकवाचा कर लावावा असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण जी बाई स्वतःच्या पैशातून 18 टक्के भरून वस्तू घेते तिनं आणखी घरच्यांपुढं मान खाली कशाला घालायची?

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की डबी आवडली असेल, झाकण बंद करून कुणालाही न दाखवता ती तुमच्याजवळ राहिली तरी चालणार असेल, तर घ्या. शेडसाठी, बचतीसाठी किंवा संपून जाईल या भीतीनं घेऊ नका.

आता काही गोष्टी ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या. हप्त्यावर घेऊ नका. बोनस हातात आल्यावर घ्या, आणि त्यातली एकच वस्तू. आत काय आहे ते न दाखवणाऱ्या, रोज एक कप्पा उघडायच्या ख्रिसमस कॅलेंडरच्या नादाला लागू नका. शनेल या फ्रेंच कंपनीनं 2021 मध्ये असं 27 कप्प्यांचं कॅलेंडर 825 डॉलरना काढलं होतं, तेव्हाच्या दरानं साठ हजारांच्या वर. अत्तर, लिपस्टिक होतं त्यात, पण स्टिकर, तात्पुरते टॅटू आणि कापडी पिशवीही निघाली. लोकांनी व्हिडिओ करून संताप काढला, आणि मला तो रास्त वाटतो.

रंगाचं म्हणाल तर हे संग्रह तिकडच्या हिवाळ्याकडं बघून केलेले असतात. बर्फासारखी चंदेरी, गुलाबीसर मोतिया चमक आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर राखेसारखी दिसते. सोनेरी, तांबूस, मरून, विटकरी बघा. मनगटावर लावून ठरवू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि मॉलच्या बाहेर येऊन उन्हात आरसा धरा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करा. लिपस्टिकमध्ये मेण आणि बहुतेक वेळा एरंडेल असतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर तिला तेलाचे थेंब सुटतात, आणि मधमाशीचं मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं, तेवढी गरमी बंद गाडीत डॅशबोर्डवर सहज होते. म्हणून दाबलेल्या पावडरची वस्तू घ्या. ती टिकतेही जास्त, कारण तिच्यात पाणी नसतं. मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यायचा असतो, तेव्हा सणाची डबी म्हणून मस्कारा घेणं निव्वळ वाया. डब्यावर उघड्या बरणीचं चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो, तो बघा.

नकली मालही भरपूर आहे. कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे आयात केलेल्या मेकअपच्या वेष्टणावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीधारकाचं नाव-पत्ता असावा लागतो. इन्स्टावर अर्ध्या किमतीत देणाऱ्याला आधी वेष्टणावरच्या त्या क्रमांकाचा फोटो मागा.

आणि घरी किंमत कमी करून सांगू नका. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायका पंधराशेची वस्तू तीनशेला आणली म्हणून सांगतात. मग नवऱ्याला वाटतं की तीनशेत सगळं येतं, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या हातावर तीनशेच टेकवले जातात.