तालुक्याच्या पेपरात नवीन लागलायस म्हणून सांगतो

हल्ली बऱ्याच जिल्हा पेपरांत मुद्रितशोधक राहिलेच नाहीत, एकटा उपसंपादक सगळी पानं लावतो आणि व्हॉट्सअॅपवरची प्रेसनोट 'शुभहस्ते'सकट जशीच्या तशी छापली जाते, त्यामुळे आपली बातमी पुढे कुणीतरी तपासेल हे डोक्यातून काढून टाक. नाव, वय, गाव, आकडा फोन करून खात्री केल्याशिवाय पाठवूच नको.

बलात्कार पीडितेचं नाव तर कधीच नाही, आणि नुसतं नाव टाळून भागत नाही रे, वस्ती, शाळा, वडलांची नोकरी लिहिली की अख्ख्या गावाला कळतं ती कोण. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो गुन्हा आहे, अल्पवयीन असेल तर पोक्सोचं कलम २३ पण लागतं. तरी असं छापून येतं, फार संताप होतो.

जाहिरातीचं टार्गेट वार्ताहराच्याच गळ्यात मारतात. ज्या नगरसेवकाकडे वाढदिवसाच्या पुरवणीचे पैसे मागायचे त्याच्याच वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराची बातमी कशी करणार? जमेल तितकं टाळ, नाहीच जमलं तर जाहिरात स्पष्ट जाहिरात म्हणूनच जाऊ दे. आणि चूक छापली गेली तर दुसऱ्याच दिवशी खुलासा छापा म्हणून संपादकांच्या मागे लाग, चिडले तरी.